एक तारा

आमच्या खोलीच्या दारावर खिळ्याला एक पांढरा डबा लटकतो. त्याला चार दिवे आहेत. तीन हिरवे. चौथा एरवी विझलेला असतो आणि तो विझलेलाच राहावा अशी आम्हा तिघींची इच्छा असते. त्याच्याखाली इंग्रजीत 'एलओएस' लिहिलंय, म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतून उजेड यायचा थांबला की हा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागतो. मग आमच्यातली कुणीतरी "गेलं!" म्हणते, एक डोकं बाल्कनीत जातं, समोरच्या बाल्कनीतून दुसरं येतं, "तुम्हारा भी गया?" आणि खालून घरमालकीणकाकूंचा आवाज, "काय गं, नेट चालून नाही राहिला का?" काकूंच्या चार पिढ्या इंदूरात गेल्यात. त्यांची मराठी ऐकून माझी आई फोनवर हसते. मला ती आता आवडते.

भंवरकुआंला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण आपल्या मंडळात राजवाड्याकडचे आणि विजयनगरचेही सभासद आहेत म्हणून सांगते. होळकर सायन्स कॉलेजपासून खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरापर्यंतच्या गल्ल्यांमध्ये घर म्हणजे खाली मालक आणि वर मुलंमुली. कुणी पीएससीचं करतंय, कुणी बँकेचं, कुणी आमच्यासारखं नुसतंच बी.ए. रात्री दोन वाजता एखादी खिडकी अंधारी दिसली तर ती मुलं गावाला गेली असं समजायचं. सगळ्यांचे क्लास, टेस्ट, नोट्स, जेवणाची ऑर्डर, घरी फोन हे सगळं नेटवर. त्यामुळे इथे नेट जाणं हे पाणी जाण्यासारखं आहे. किंबहुना पाणी गेलं तर टँकर तरी येतो.

आमचं नेट मोठ्या कंपनीचं नाही. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानाला लागून जिन्याखाली एक ऑफिस आहे, त्यांचं. नाव लिहीत नाही. एक काउंटर, एक पावतीपुस्तक, भिंतीवर गणपती आणि गुंडाळलेल्या काळ्या वायरची वेटोळी. तिथले अंकल आधी केबलवाले होते. ही काही त्यांची एकट्याची गोष्ट नाही. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला आपल्याकडे गच्चीवर डिश बसवून गल्लीत वायरी ओढणारी माणसं निघाली, आधी माणसं आणि मागून कायदा. केबलचा कायदा १९९५ साली आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि १९९८ पासून खाजगी कंपन्यांना परवाने मिळायला लागले. परवान्याचे तीन वर्ग असतात, सबंध देशासाठी 'ए', एका सर्कलसाठी 'बी' आणि जिल्ह्याएवढ्या भागासाठी 'सी'. गल्लीतल्या माणसाकडे बहुधा यातलं काहीच नसतं. तो एखाद्या परवानेवाल्या कंपनीशी भागीदारी करतो. कंपनी नेट आणून देते, आणि शेवटचे दोनशे मीटर, म्हणजे खांब, गच्च्या, मालकांची मिनतवारी आणि आमच्या शिव्या, हा त्याचा वाटा.

तीन वर्षांत या अंकलचे आम्हाला जे अनुभव आले ते सगळे वाईट नाहीत. दिवाळीला आम्ही तिघी घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "जितने दिन नहीं रहोगे, उतने दिन आगे बढ़ा देंगे." मोठ्या कंपनीच्या ॲपला हे कुणी सांगावं? परीक्षेच्या दिवसांत पैसे उशिरा दिले तरी लाइन तोडली नाही. पण संध्याकाळी आठनंतर नेट बैलगाडी व्हायचं, आणि फोन केला की एकच उत्तर, "बेटा, ऊपर से प्रॉब्लम है." मी कॅथलिक घरातली. वरून येणाऱ्या अडचणींबद्दल माझी कल्पना जरा वेगळी होती. प्लॅन 'सौ एमबी'चा, आणि रात्री मोजलं तर तीन. गंमत म्हणजे सरकारी व्याख्येने तेही ब्रॉडबँडच. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ५१२ झालं आणि २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. म्हणजे आम्ही कायद्याने सुखी होतो.

आता मुद्द्याचं.

लाइनवर काम करणारा एक मुलगा होता. माझ्याच वयाचा असेल, कदाचित लहान. खांद्याला शिडी, मागच्या खिशात पक्कड, पायात चपला. लाल दिवा लागला की आम्ही त्याला फोन करायचो, त्याचं नाव तिघींच्या फोनमध्ये 'नेट भैया'च्या पुढे कंसात होतं. तो कमी बोलायचा. एकदा भर पावसात मी त्याला "अभी आओ" म्हटलं तेव्हा म्हणाला, "मैडम, बारिश तो रुकने दो." एवढंच. पण मला ते लागलं होतं.

गेल्या जुलैत माझ्या आजीला जाऊन वर्ष झालं. आम्ही वसईचे. बाबांची बदली पीथमपूरला झाली म्हणून आम्ही इकडे आलो, मग ते परत गेले आणि मी कॉलेजसाठी इथेच राहिले. आजीच्या वर्षाच्या मिस्सेला मला जाता आलं नाही, दुसऱ्या दिवशी इंटर्नल होतं. आई म्हणाली, काळजी करू नकोस, लॉकडाऊनपासून आपल्या चर्चची मिस्सा यूट्यूबवर दिसते, तिथे बघ. संध्याकाळी साडेसहाची मिस्सा. मी अंघोळ करून, केस विंचरून, लॅपटॉप टेबलावर ठेवून बसणार होते. माझ्या आजीला ओल्या केसांनी मिस्सेला गेलेलं चालायचं नाही.

चार वाजता लाल दिवा लागला.

मी अकरा फोन केले. त्याने एकही उचलला नाही. अंकलचा फोन बिझी. मोबाइलवरचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपला होता. वीस रुपयांचं व्हाउचर टाकलं तर त्या वेळी सबंध गल्ली मोबाइलवरच आलेली. फादरांचा हात वर जायचा आणि मध्येच गोल फिरायला लागायचं. गोल थांबला तेव्हा गायन चालू होतं. ज्या क्षणी आजीचं नाव घेतलं गेलं तो माझ्या हाताला लागला नाही. रात्री आईने विचारलं, "ऐकलंस ना गं नाव?" मी "हो" म्हणाले.

पण आईच्या फोनच्या आधी मी एक काम करून ठेवलं होतं. सात चाळीसला त्या नेटवाल्याच्या पानावर जाऊन एक तारा दिला आणि खाली इंग्रजीत मजकूर लिहिला. इंग्रजीत का? कारण इंग्रजीत राग जास्त भारी दिसतो असं मला तेव्हा वाटायचं. लिहिलं ते साधारण असं होतं: या सेवेत दोनच गोष्टी अखंड मिळतात, बिल आणि लाल दिवा. त्यांचा लाइनमन अमुकतमुक फोन उचलत नाही, उद्धट बोलतो आणि त्याला कामाचा गंधही नाही. अमुकतमुकच्या जागी मी त्याचं नाव लिहिलं होतं.

मला ते दोन-तीनदा वाचून बरं वाटलं. खरं सांगते, आजीसाठी दोन ओळी लिहायला मला वर्षभर जमलं नव्हतं आणि हे सात मिनिटांत झालं. सकाळपर्यंत त्याला गल्लीतल्या तेवीस जणांनी अंगठे दिले. क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट टाकला, खाली हसण्याचे चेहरे. आमच्या खोलीतली एक म्हणाली, "यार, तू लिहिती तो मस्त है." रात्री सव्वानऊलाच नेट आलं होतं. मी हिरवा दिवा बघितला आणि लॅपटॉप उघडून इंटर्नलचं वाचत बसले. लिहिलेलं काढावं असं मनातही आलं नाही.

त्या दिवशी काय झालं होतं ते मला चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही, तो दुसऱ्या कुणाला सांगत होता. दुपारी एक ट्रक वरपर्यंत प्लाय भरून गल्लीत घुसला आणि वरच्या वायरींचा सगळा झुपका ओढत घेऊन गेला. पाऊस चालू होता. तो मुलगा चारपासून रात्रीपर्यंत तिथेच होता, आधी शिडीवर, मग झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर, वर कुणीतरी छत्री धरलेली. फोन पिशवीत गुंडाळून गाडीच्या डिकीत. चहावाला म्हणाला, "चाय भी ठंडी हो गई उसकी, तीन बार."

मी माझं वाक्य पुन्हा उघडून बघितलं. त्यात तीन आरोप होते. फोन उचलत नाही हे खरं होतं. उद्धट बोलतो, हे त्या 'बारिश तो रुकने दो'वरून. आणि कामाचा गंध नाही, हे मी कुठून आणलं? त्याने दुरुस्त केलेली लाइन पुन्हा बिघडली असं एकदाही झालं नव्हतं. ते मी घातलं कारण वाक्याला तिसरा तुकडा हवा होता. दोनवर ते लंगडं वाटत होतं. आपण साहित्याचे विद्यार्थी, तुम्हाला हे कळेल म्हणून लिहिते. लय बसावी म्हणून मी एका माणसाबद्दल खोटं लिहिलं.

लहानपणी एसटीत लिहिलेलं असायचं की तक्रार पुस्तक वाहकाकडे मिळेल. मला त्याचं हसू यायचं, ज्याची तक्रार करायची त्याच्याकडेच वही मागायची? आता वाटतं, त्यात काहीतरी होतं. वही मागताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. आपलं नाव, पत्ता लिहावा लागायचा. तो विचारणार, "काय झालं ताई?" आणि निम्म्या तक्रारी तिथेच भांडून संपत असतील. माझ्या रिव्ह्यूवर माझं नाव नव्हतं, एका मांजरीचा फोटो होता. नाव फक्त त्याचं.

इंग्लंडमध्ये लँकशरच्या खेड्यांत २०११ पासून एक वेगळाच प्रकार चालू आहे. मोठ्या कंपन्या तिथे तार टाकायला तयार नव्हत्या, म्हणून लोकांनी 'बी फोर आर एन' नावाची स्वतःची संस्था काढली. गावकऱ्यांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातून तार न्यायला परवानगी दिली, कितीतरी जणांनी स्वतः कुदळ-फावडं घेऊन चर खणले. तिथली लाइन तुटली तर ग्राहकाला निदान माहीत असतं की तार कुठून जाते, कारण ती त्याच्याच बांधावरून जाते. मला माझ्या डब्यापासून खांबापर्यंतची तार कुठून येते हे तीन वर्षांत माहीत नव्हतं. काकूंच्या गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीला वळसा घालून येते. मी त्या तुळशीपाशी रोज कपडे वाळत घालते.

रविवारी मी कन्फेशनला गेले. तिथलं बोलणं इथे लिहीत नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीबद्दल आहे हे मला पाठ होतं, पहिल्या कम्युनियनच्या वर्गातच घोटून घेतलेलं. त्याच वर्गात हेही शिकवतात की कुणाची बदनामी केली असेल तर क्षमा मिळाली तरी भरपाई बाकी राहते, आणि चारचौघांत केली असेल तर भरपाईही चारचौघांत. मी घरी येऊन रिव्ह्यू बदलला. तीन तारे दिले, नाव काढलं, ट्रकचं आणि पावसाचं लिहिलं. हिंदीत लिहिलं. त्याला दोन अंगठे आले. त्यातला एक आमच्याच खोलीतला.

मग ऑफिसमध्ये गेले. काउंटरवर अंकल एकटेच पावत्या लिहीत होते. मी म्हटलं, ते मी लिहिलं होतं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मालूम है बेटा, बिल्ली वाली तुम ही हो. वाय-फाय का नाम भी बिल्ली रखा है." मी विचारलं, तो कुठे आहे?

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, त्या आठवड्यात चार कनेक्शनं गेली. बाहेर मोठ्या कंपनीची मुलं टी-शर्ट घालून फिरतायत, बसवायचे पैसे नाहीत म्हणतात, आणि लोक तुमचं लिहिलेलं दाखवतात. मी त्याला ओरडलो नाही, काढलंही नाही. फक्त वाचून दाखवलं. इंग्रजी मलाही नीट येत नाही, म्हणून बाजूच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं, त्याने हिंदी करून सांगितलं. "उसने एक बार और पढ़वाया. बोला, काम नहीं आता, ऐसा लिखा है क्या? फिर दो दिन आया, फिर नहीं आया."

ते असंही म्हणाले की तो तसाही जाणार होता, धारकडे त्याचं गाव आहे, सोयाबीनच्या दिवसांत घरी हात लागतात, ही मुलं टिकत नाहीत. ते खरं असेल. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, तेही शक्य आहे. त्यांनी मला त्याचा नंबर दिला नाही. माझ्याकडे तो होताच. मी लावला, बंद होता. नंतर दोनदा लावला. आता त्या नंबरवर कुणीतरी वेगळंच बोलतं.

मी ज्या वाक्यावर खूश होते ते त्याच्यापर्यंत झेरॉक्सवाल्याच्या हिंदीतून पोचलं. त्यातलं काय उरलं असेल? बिल आणि लाल दिव्याचा विनोद नक्कीच उरला नसणार. 'काम नहीं आता' एवढंच उरलं. माझ्या वाक्यातला जो तुकडा खोटा होता, तेवढाच भाषांतरात टिकला.

खोलीतल्या दोघी म्हणाल्या की आता मोठ्या कंपनीचं घेऊ या, तक्रार केली की तिकीट नंबर मिळतो, माणूसच नको. मी नको म्हटलं, आणि तुम्हाला वाटेल तसं काही उदात्त कारण नव्हतं. काकूंनी नवीन वायरीसाठी भिंतीला भोक पाडायला मनाई केली. शिवाय आमच्या ओळखीत मोठ्या कंपनीचं घेतलेल्यांचे अनुभवही ऐकलेत. त्यांना नंबर मिळतो हे खरं, आणि तो नंबर चार दिवस सांभाळावा लागतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा लाल दिवा लागला. आमच्याच घराची तार होती, गच्चीवर खारीने कुरतडलेली. नवीन मुलगा आला. या वेळी मी गच्चीवर गेले आणि मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहिले. त्याने तारेचं काळं आवरण सोललं, मग आतलं रंगीत, आणि मग जे निघालं ते मला दिसेचना. त्याने बोट हलवलं तेव्हा उजेडात एक रेघ चमकली. ही काच सव्वाशे मायक्रॉनची असते, आणि उजेड ज्या मधल्या भागातून धावतो तो जेमतेम नऊ. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्याने स्पिरिटच्या कापसाने ती पुसली, एका छोट्या यंत्राने टोक सरळ कापलं, पुन्हा पुसलं. तुळशीची कुंडी बाजूला सरकवून तिथे स्प्लायसरची पेटी ठेवली. तिच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर दिसत होती, खांबासारखी जाड. ती आपोआप हलून एका रेषेत आली, एक निळी ठिणगी उडाली आणि मधली फट गेली. ओलावा किंवा धुळीचा कण आला की हे सगळं पहिल्यापासून. त्याला दोनदा करावं लागलं. मी विचारलं, मोठी केबल तुटली तर? म्हणाला, चोवीस असतात आत, कधी जास्त. बारा रंग ठरलेले, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे ओळीने, मग तेच पुन्हा. रंगाला रंग मिळवायचा आणि एकेक असंच. "रात में रंग में गड़बड़ होती है. नारंगी और लाल एक जैसे दिखते हैं."

चोवीस गुणिले हे, छत्रीखाली. मी टॉर्च धरून मनातल्या मनात हिशेब करत राहिले.

त्याने मीटर लावून बघितलं, उणे एकोणीस आलं, म्हणाला, ठीक आहे. आम्ही खाली आलो. लाल दिवा विझला होता. हत्यारं पिशवीत भरताना तो जरा घुटमळला.

"दीदी, एक रिव्ह्यू डाल दोगी? अंकल ने बोला है सबसे लिखवाने को."

मी फोन काढला. पाच तारे दाबले आणि त्याला विचारलं, तुझं नाव लिहू की नको?

"लिखना," तो म्हणाला. "पूरा लिखना. नहीं तो अंकल को पता कैसे चलेगा कि मैं आया था?"

मी त्याला ते कसं लिहायचं विचारलं, ऱ्हस्व की दीर्घ. त्याने पावतीच्या मागे लिहून दिलं. मग मी लिहिलं, गच्चीवर काय बघितलं तेवढंच, चार ओळी, हिंदीत. पाठवण्याआधी फोन त्याच्या हातात दिला. त्याने सावकाश, ओठ हलवत वाचलं.

"दो बार लगा, ये भी लिख दिया?"

"लगे थे न?"

"हाँ, लगे तो थे," म्हणाला आणि फोन परत दिला.